रीमरचं भोक मोठं येतंय, म्हणजे स्पिंडल गेला का?

रबाळ्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी सांगितलंय. नवख्या वाचकांसाठी आधी दोन शब्द: रीमर म्हणजे ड्रिल केलेलं भोक अचूक मापाला आणणारं टूल, आणि स्पिंडल म्हणजे टूल धरून फिरवणारा मशीनचा भाग. स्पिंडलच्या निमुळत्या भोकात, म्हणजे टेपरमध्ये, होल्डर बसतो आणि होल्डरमध्ये कॉलेट नावाची चिरा असलेली पकड टूलला धरते. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग असा:

"मी रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये प्रोग्रामिंग आणि सेटिंग बघते. आमच्याकडे बीटी 40 च्या (हे होल्डरच्या टेपरचं माप) दोन व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीन, आहेत. एसएस 304 चे (स्टेनलेस स्टीलचे) व्हॉल्व्ह ब्लॉक करतो. त्यात 8 एच7 ची रीम केलेली भोकं असतात आणि 6 मिमीच्या चार दातांच्या कार्बाइड एंडमिलने मारायचा एक स्लॉट. एक नंबर मशीनवर सगळं बरोबर येतं. दोन नंबरवर तोच प्रोग्राम, त्याच मेकचे टूल, तरी भोकं 8.018, 8.022 अशी येतात. नो-गो (जे गेज भोकात जाता कामा नये ते) सरळ आत जातो. एंडमिलचे दोनच दात झिजतात, बाकीचे दोन नुसते चकाकतात. मालक म्हणाले फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी कर. दाताला 0.02 मिमी होता तो 0.01 केला, तर कटर आणखी लवकर जायला लागले. डायल लावून पाहिला तर कटर तीन घरं आउट दाखवतो. आमचे जुने ऑपरेटर मामा म्हणतात, प्रोग्राममध्येच घोळ आहे. टूलवाला श्रिंक फिट होल्डरचं कोटेशन ठेवून गेलाय आणि मालक विचारतायत, स्पिंडल बदलावा लागेल का. दोन नंबर मशीन शटरजवळ आहे. हल्ली टूल चेंजच्या वेळी स्पिंडलमधून पाण्याचे शिंतोडे येतात, पण सर्व्हिसवाला म्हणाला पावसाळ्यात एवढं होतंच. कॉलेटचा नट आवळताना मामा पान्याला पाइप लावतात. काही बोललं की चिडतात. मी नेमकं काय करू?"

ताई, पाण्याचे शिंतोडे तुम्ही जाता जाता लिहिलेत, पण मी असतो तर पत्राची सुरुवात तिथूनच केली असती. त्यावर येतोच. आधी फीडचं प्रकरण मिटवू, कारण मालकांच्या डोक्यातून ते निघाल्याशिवाय ते पुढचं काही ऐकणार नाहीत.

तुमचा डायल एका घराला 0.01 चा आहे असं धरतो. तीन घरं म्हणजे 30 मायक्रॉन. डायलची सुई खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जेवढी फिरते तो एकूण रनआउट. कटरचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून सरकलेला असतो तो याच्या निम्मा, म्हणजे 15 मायक्रॉन. आता चार दात बघा. एक दात 15 मायक्रॉन बाहेर, समोरचा 15 मायक्रॉन आत, बाजूचे दोन जागेवर. दाताला 0.02 फीड असताना बाहेरचा दात 0.035 कापतो. त्याच्या मागचा दात 0.005, त्याच्या मागचा पुन्हा 0.005, आणि चौथा 0.035. बेरीज 0.08 बरोबर आहे, वाटणी मात्र अन्यायाची. फीड 0.01 केल्यावर काय होतं? बाहेरच्या दाताला 0.025 येतं, चौथ्याला 0.015, आणि मधले दोन दात धातूपर्यंत पोचतच नाहीत. चौघांचं काम दोघं करतायत. तुम्ही लिहिलंत तेच, दोन झिजतात, दोन चकाकतात.

रनआउटचा उंच बिंदू बरोबर दातावर आला तर हे आकडे येतात. दोन दातांच्या मधे आला तर वाटणी थोडी बदलेल, रड तीच. शिवाय 304 ला घासलेलं खपत नाही. पुरेशी चिप न काढता धार नुसती घासली की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढच्या दाताला त्या कडक सालीतून जावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमवर फीड कमी करून थोडे दिवस निभावून नेता आलं असतं, 304 वर नाही. मालकांना हे चार आकडे कागदावर लिहून दाखवा. मी पाहिलेले बहुतेक मालक "रनआउट" म्हटलं की कंटाळतात, पण "चार दातांचे पैसे मोजतोय आणि दोनच कापतायत" म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात.

रीमरचं गणित तर याहून तंग आहे. 8 एच7 म्हणजे 8.000 ते 8.015. एच7 साठी बनवलेला नवा रीमर वरच्या बाजूने 8.012 पर्यंत असू शकतो, कारण भोक रीमरपेक्षा थोडं मोठं येणार हे बनवणाऱ्याने धरलेलं असतं. म्हणजे वरच्या बाजूच्या रीमरवर तुमच्या हातात उरले 3 मायक्रॉन. रीमर 30 मायक्रॉन आउट फिरत असेल तर तो भोकाच्या तोंडाशी हेलपाटतो, मग आधी ड्रिल केलेलं भोक त्याला थोडं सावरतं, म्हणून तोंडाशी माप जास्त आणि खाली कमी असं कर्ण्यासारखं भोक मिळतं. बोअर गेजने तोंडाशी, मधे आणि तळाशी अशी तीन मापं घेऊन बघा. तोंड मोठं असेल तर संशय पक्का. वरपासून खालपर्यंत सारखंच मोठं असेल तर रनआउटबरोबर रीमरच्या धारेवर धातू चिकटतोय का हेही पाहा. 304 मध्ये ते सर्रास होतं, आणि कूलंट पातळ झालेलं असेल तर हमखास. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजायचं उपकरण) असेल तर 8 ते 10 टक्के ठेवा. उष्णतेवर मात्र ढकलू नका. 8 मिमीच्या भोकाला आपल्याकडच्या उन्हाळ्यानेही दोनेक मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडत नाही आणि तुमचं प्लग गेजही त्याच गाळ्यात तापलेलं असतं.

आता दोष कुणाचा ते शोधायचं. त्यासाठी अर्धी शिफ्ट मागून घ्या. मालक कुरकुरतील. त्यांना सांगा की स्पिंडल उतरवला तर मशीन किती दिवस उभं राहील ते सर्व्हिसवाल्याला विचारा, मग अर्ध्या शिफ्टचं बोलू.

तुमच्याकडचा 0.01 चा साधा डायल या कामाला जाड आहे. 0.002 चा पपिटास (लिव्हरवाला बारीक डायल) लागेल. नसेल तर शेजारच्या टूलरूममधून एका दिवसासाठी मागा. टीटीसीत, म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, एकमेकांकडून गेज मागण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पपिटासचा लिव्हर मोजायच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. तो तिरका उभा राहिला तर डायल खोटं मोठं बोलतो: 30 अंशांचा कोन असेल तर खरा आकडा वाचलेल्याच्या 0.87 पट, 60 अंशांना थेट निम्मा. "तीस मायक्रॉन" म्हणून घाबरलेले आणि पंधराच निघालेले लोक मी पाहिलेत. आणि कटरच्या दातांवर मोजू नका. दातांच्या धारा शँकशी तंतोतंत एककेंद्री असतीलच असं नाही, शिवाय लिव्हर दातांत अडकतो. एक चांगली ग्राइंड केलेली पिन घ्या, एच6 डाउएल किंवा कार्बाइडचा सरळ रॉड चालेल, आणि तीच पिन सगळीकडे वापरा.

पहिलं काम, दोन नंबरचा स्पिंडल रिकामा करा. इमर्जन्सी दाबा, पांढरं स्वच्छ फडकं बोटाला गुंडाळून टेपर आतून पुसा आणि फडक्याचा रंग बघा. तांबूस डाग आले तर मला आश्चर्य वाटणार नाही. मग उघड्या बोटाचं टोक सावकाश फिरवा. बोटाला कळतं, आणि पंचवीस वर्षं लेथवर घालवलेल्या बोटाला तर डायलच्या आधी कळतं. हे बोट मामांचं असू द्या. का ते पुढे सांगतो.

दुसरं काम, पपिटासचा लिव्हर रिकाम्या टेपरच्या आत लावून स्पिंडल हाताने फिरवा. चांगल्या व्हीएमसीला इथे दोन ते पाच मायक्रॉन दिसायला हवेत. मशीनसोबत आलेला चाचणीचा तक्ता कपाटात कुठेतरी असेल, त्यात नव्या मशीनचा आकडा लिहिलेला असतो, तो शोधा. आकडा त्याच्या आसपास असेल तर स्पिंडलचे बेअरिंग बहुधा निर्दोष. मालकांना हे त्याच मिनिटाला जाऊन सांगा, त्यांची रात्रीची झोप परत येईल. टेपर स्वच्छ करूनही दहाच्या वर दाखवत असेल तरच पुढे बेअरिंगकडे बघायचं, आणि तेव्हासुद्धा स्पिंडल बदलण्याच्या आधी टेपर मशीनवरच ग्राइंड करून मिळतो का याची चौकशी करायची.

तिसरं काम, ज्यात खरा उलगडा होतो. पिन लावलेला होल्डर स्पिंडलमध्ये घाला. नटच्या तोंडापाशी मोजा आणि पिनवर खाली, साधारण 50 ते 60 मिमी अंतरावर पुन्हा मोजा. दोन्हीकडे सारखा आकडा आला तर होल्डर बाजूला सरकलाय. खाली वाढत गेला तर तो कललाय. कललेला असला की टूलचा ओव्हरहँग (होल्डरबाहेर निघालेली लांबी) जितका जास्त तितका रनआउट जास्त. जिथे डायल सगळ्यात वर जातो तिथे मार्करने एक खूण स्पिंडलच्या तोंडावर आणि एक होल्डरवर करा. मग होल्डर काढून अर्धा फेरा वळवून घाला. बीटी होल्डरला खाचा दोन आणि समोरासमोर असतात, त्यामुळे तो उलटाही बसतो. उंच जागा होल्डरच्या खुणेबरोबर फिरली तर दोष होल्डर, कॉलेट किंवा नटचा. ती स्पिंडलच्या खुणेपाशीच राहिली तर दोष स्पिंडलच्या टेपरमध्ये, बहुधा तिथे काहीतरी चिकटलेलं. आणि तोच होल्डर, तीच पिन, नटला हात न लावता एक नंबर मशीनवर नेऊन मोजा. तुमच्याकडे दोन मशीन आहेत ही मोठी श्रीमंती आहे. एकच मशीन असलेल्या माणसाला हा निवाडा करायला बराच घाम गाळावा लागतो.

माझा अंदाज सांगतो. तुमच्या दोन नंबरच्या टेपरमध्ये गंज आणि बारीक कीस जमलाय, आणि तो पाण्याने आणलाय. टूल चेंजच्या वेळी स्पिंडलमधून हवेचा झोत येतो तो टेपर स्वच्छ ठेवण्यासाठी. पण ही हवा येते कुठून? कॉम्प्रेसर जुलै-ऑगस्टची, रबाळ्याच्या खाडीवरून आलेली दमट हवा ओढतो आणि सात बारपर्यंत दाबतो. हवा आकाराने आठव्या हिश्श्यावर येते आणि पुन्हा थंड झाली की तिच्यात मावेल तेवढीच वाफ उरते, बाकीचं पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकीचा ड्रेन रोज उघडला नाही की ते पाणी पाइपातून मशीनपर्यंत येतं, एफआरएलची (मशीनला येणारी हवा गाळणाऱ्या युनिटची) वाटी भरते, आणि मग तो झोत तुमच्या टेपरवर पाणी मारतो. तुमचं मशीन शटरजवळ आहे, शिफ्ट संपल्यावर टूल तसंच स्पिंडलमध्ये राहत असेल, तर रात्रभर ते ओलं टेपर बंद कोंडीत पडून राहतं. सर्व्हिसवाला म्हणाला ते अर्धं खरं आहे. पावसाळ्यात असं होतं. पण ते होऊ द्यायचं नसतं.

एक कण किती त्रास देतो ते बघा. बीटी 40 चा टेपर साधारण 65 मिमी लांब. टेपरच्या वरच्या, बारीक टोकाशी एका बाजूला 10 मायक्रॉनचा गंजाचा पापुद्रा असला आणि होल्डर त्यामुळे कलला, तर स्पिंडलच्या तोंडापासून 100 मिमी खाली असलेलं टूलचं टोक, वाईटात वाईट धरून, 15 मायक्रॉन बाजूला जाईल. डायल त्याची दुप्पट दाखवतो. म्हणजे 30. तुमचा आकडा. हे ढोबळ गणित आहे, स्पिंडलमधला ड्रॉबार नावाचा दांडा होल्डरला वर ओढत असतो त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी येतं, तरीही डोळ्याला न दिसणाऱ्या पापुद्र्याने हे घडतं एवढं ध्यानात घ्या.

टेपर साफ करताना पॉलिश पेपर लावायचा नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. रॉकेलने किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. उंच आलेला ठिपका असेल तर बारीक ऑइल स्टोन तेल लावून अगदी हलक्या हाताने फक्त त्या ठिपक्यावर फिरवा. मग एका चांगल्या होल्डरच्या टेपरला प्रुशियन ब्लू (ठसा दाखवणारा निळा रंग) पातळ लावून बसवा आणि ठसा बघा. मोठ्या तोंडाकडे ठसा पक्का आला पाहिजे. तो फक्त वरच्या बारीक टोकाशी येत असेल तर होल्डर मागे टेकतोय आणि पुढे मोकळा आहे. असं दिसलं की होल्डरच्या पुल स्टडकडे, म्हणजे ड्रॉबार ज्याला धरून ओढतो त्या मागच्या खुंटीकडे, बघा. पुल स्टड पाइप लावून आवळला की टेपरचं बारीक टोक आतून फुगतं. डोळ्यांना दिसत नाही, पण ठसा सांगतो. असे होल्डर नवीन असतानाच खराब होतात आणि पुढची कित्येक वर्षं मॅगझिनमध्ये फिरत राहतात.

पाइपचा विषय निघालाच आहे तर कॉलेटवर या. तुम्ही ईआर 32 (हा कॉलेटचा प्रकार आणि माप) वापरत असाल असं धरून बोलतो. त्याच्या नटला जास्तीत जास्त टॉर्क साधारण 136 न्यूटन मीटर धरतात. हा काही कमी नाही: 35 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 40 किलोचा जोर दिल्यावर एवढा होतो. दोन फुटी पाइप लावून मामांनी तेवढाच जोर दिला तर तो जवळपास पावणेदोन पट होईल. नटची आटी, होल्डरच्या आतला टेपर, कॉलेटचं तोंड, सगळं हळूहळू वाकतं आणि मग कितीही नवीन कॉलेट घातलं तरी रनआउट जात नाही. कमी आवळलं तरी रनआउट येतो आणि टूल सरकतं, म्हणून इथे अंदाज नको, टॉर्क रेंच हवा. तुमच्या कॉलेटच्या मेकचा तक्ता मागा, लहान शँकना टॉर्क कमी असतो. आणि नट आवळायचा तो टेबलावरच्या टूल लॉकिंग स्टँडमध्ये. होल्डर स्पिंडलमध्ये असताना पान्याला हातोडी मारायची पद्धत अजून कित्येक गाळ्यांत आहे. तो प्रत्येक ठोका स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये जातो.

दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि घाईत कुणीच करत नाही. एक, कॉलेट आधी नटमध्ये टिचकन बसवायचं आणि मग नट होल्डरला लावायचा. नटच्या आतल्या कड्यात ते तिरकं धरून दाबलं की आवाज येतो. कॉलेट होल्डरमध्ये टाकून वरून नट फिरवला तर ते कडं कॉलेटच्या खाचेत बसतच नाही, आवळताना ते वाकडं दाबलं जातं आणि काढताना अडकतं. दुसरं, शँक कॉलेटमध्ये निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत हवा. लांब टूल हवं म्हणून शँकचं शेवटचं बोटभर टोक धरायचं, हे नको. कॉलेटचं माप टूलच्या मापाशी जितकं जवळ तितकं बरं: 8 च्या शँकला 8 चं. बेंचवर हाताला लागलं म्हणून 10-9 चं कॉलेट घेऊन 8 ला आवळून बसवू नका. कॉलेटच्या चिरांतला कीस ब्रशने काढा. आणि कॉलेट खाली पडलं तर तपासल्याशिवाय परत वापरू नका. ते खर्चायचं सामान आहे, ठेवा म्हणून जपायचं नाही.

हे सगळं झाल्यावर मॅगझिनमधल्या होल्डरना नंबर टाका आणि प्रत्येकाच्या एका खाचेपाशी पंचने ठिपका मारा. टूल चेंजरमध्ये तो ठिपका नेहमी एकाच बाजूला ठेवा. एम19 हा प्रोग्राममधला कोड स्पिंडलला दरवेळी एकाच कोनात थांबवतो, त्यामुळे होल्डरही दरवेळी तसाच बसेल आणि उरलेला दोन-चार मायक्रॉनचा दोष निदान रोज तोच राहील. रोज बदलणाऱ्या दोषापेक्षा तो बरा. शिवाय रीमरसाठी एक युक्ती वापरता येते: कॉलेटमध्ये टूल पाव पाव फेरा फिरवून चारही जागी मोजा आणि सगळ्यात कमी येईल तिथे आवळा. होल्डरचा दोष आणि कॉलेटचा दोष एकमेकांविरुद्ध आले की आकडा खाली येतो.

आता श्रिंक फिट. यात होल्डर तापवून टूल आत घालायचं, थंड झाला की तो आवळतो. चांगली चीज आहे, टोकाशी तीनेक मायक्रॉनपर्यंत रनआउट देते. पण त्याला इंडक्शन हीटर लागतो, शँक एच6 लागतो, प्रत्येक व्यासाला वेगळा होल्डर लागतो, आणि कललेल्या टेपरमध्ये घातला तर तोही तितकाच कलून फिरेल. टूलवाल्याला नकार देऊ नका, थांबवा. टेपर साफ करून, पाणी बंद करून आकडा किती उरतो ते बघा. मग साध्या कॉलेटऐवजी 5 मायक्रॉनच्या अचूक वर्गाची दोन कॉलेटं घ्या, एक रीमरला आणि एक 6 च्या एंडमिलला. त्यानेही रीमर ऐकत नसेल तर त्या एका टूलसाठी हायड्रॉलिक होल्डर घ्या. तो अ‍ॅलन की ने आवळता येतो, भट्टीची भानगड नाही. सगळ्या मॅगझिनला महाग होल्डर घालायची तुमच्या कामाला काहीही गरज नाही. फेसमिल आणि 12 च्या ड्रिलला आहे तेच पुष्कळ. आणि एंडमिल साइड लॉक होल्डरमध्ये धरत असाल तर आजच बंद करा. बाजूचा स्क्रू शँकला एका अंगाला ढकलतो, रफिंगला चालेल, तुमच्या स्लॉटला नाही.

मामांचं काय? तुमच्या पत्रातला हा भाग, वर न छापलेलाही, मी पुन्हा वाचला. तुम्ही त्यांना "पाइप लावू नका" असं सांगितलंत, चार पोरांसमोर. त्यांनी काय ऐकलं असेल? की कालची मुलगी मला पाना धरायला शिकवतेय. बरोबर कोण हा प्रश्न तिथेच संपला.

पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाने चार जबड्यांच्या चकवर डायल लावून जॉब सेंटरला आणलेला असतो, जबडे एकेक करून ढिले-घट्ट करत, शांतपणे. रनआउट मोजणं आणि मारणं हे मामांना तुमच्यापेक्षा नक्कीच चांगलं येतं, फक्त व्हीएमसीवर ते त्यांना कुणी करायला सांगितलेलं नाही. म्हणून वर लिहिलेली अर्धी शिफ्ट तुम्ही मोजायला बसू नका. मामांना म्हणा, "मामा, हा डायल मला नीट लावता येत नाही, तुम्ही लावा, मी आकडे लिहिते." टेपरमध्ये बोट त्यांचं, लिव्हर त्यांचा, रीमर पाव पाव फेरा फिरवून बसवायचं कामही त्यांचंच. तुमच्या हातात वही. मग एक कॉलेट पाइपने आवळून मोजा आणि तेच टॉर्क रेंचने आवळून मोजा, दोन्ही वेळा त्यांच्याच हाताने. तुम्ही काही बोलू नका. प्रोग्रामवरचा आरोपही एक नंबर मशीनवर होल्डर नेला की आपोआप मिटतो, कारण प्रोग्राम दोन्हीकडे एकच आहे आणि ते मामांनाही दिसेल.

कॉम्प्रेसरचा ड्रेन मात्र कुणाच्या तरी नावावर लिहून द्या. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी टाकीचा ड्रेन, मग एफआरएलची वाटी, मग स्पिंडलचं टेपर पुसणं, आणि शिफ्ट संपताना टूल काढून टेपरला तेलाचा पातळ हात. चार ओळींचा कागद लॅमिनेट करून मशीनला लावा. मालकांना पटलं तर हवेसाठी ड्रायरही मागून घ्या. पण ड्रेन न उघडता ड्रायर लावला तर तोही थोड्याच दिवसांत पाण्याने भरेल.

एक राहिलं. 8.018 आणि 8.022 आलेले ब्लॉक तुम्ही कुठे ठेवलेत ते पत्रात नाही. ते पाठवलेल्या मालात मिसळले गेले असतील तर आधी ते शोधा. हातात असतील तर लाल टॅग लावून वेगळे ठेवा, प्रत्येक भोकाची तीन मापं लिहा आणि ग्राहकाच्या क्वालिटीला मालकांच्या नावाने मेल करा, चालतील का असं विचारून. व्हॉल्व्हमधल्या त्या भोकात काय बसतं ते तुम्हाला ठाऊक नाही, त्यांना आहे. कधी कधी ते ओ-रिंगचं भोक निघतं आणि माल चालतो. कधी त्यात स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) बसतो आणि पाच मायक्रॉनलाही तेल गळतं. ते ठरवायचा हक्क त्यांचा, आणि विचारायची वेळ माल निघायच्या आधीची.